शेऱ्याचा रकाना

नोंदवही भरणारा माणूस सगळ्यांना दिसतो, आखणारा कुणाला दिसत नाही. स्टेशन मास्तरच्या टेबलावर पसरलेलं ते लांबरुंद ट्रेन रजिस्टर घ्या. गाडीचा नंबर, लाइन क्लिअर कधी मागितला, कधी मिळाला, प्रायव्हेट नंबर कोणता, गाडी कधी आली, कधी सुटली, आणि अगदी उजवीकडे, पान संपता संपता, शेरा. हे रकाने काही आभाळातून पडलेले नाहीत. कुणीतरी साहेब फूटपट्टी घेऊन बसला असणार आणि ‘किती वाजता सुटली’ याला जागा द्यायची, ‘कुणाला मागं टाकून सुटली’ याला द्यायची नाही, असं त्यानं ठरवून टाकलं असणार. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या मास्तर त्याच्याच रकान्यांतून रुळांकडे बघत आले. नोंदवहीच्या राज्यात ज्याला रकाना नाही ते घडलेलंच नसतं.

त्या साहेबाबद्दल मला जरा जास्तच आपुलकी वाटते, कारण माझाही धंदा तोच. मी रकाने आखतो. माझी वही कागदाची नसते आणि माझे मास्तर सेकंदाला हजारो गाड्या सोडतात, एवढंच.

आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाला, हा धंदा आहे हे पटायला फार वेळ लागला. अण्णा रेल्वेत मास्तर. उमेदवारी बार्शी लाइट या छोट्या लाइनवर, उरलेली नोकरी मोठ्या लाइनवर. आमच्या कुर्डुवाडीत अशी घरं पुष्कळ. घरटी एक माणूस रेल्वेत नाहीतर रेल्वेच्या कारखान्यात, आणि उरलेले या दोघांना चहा पाजणारे.

“पुण्यात नेमकं काय करायलायस तू?” त्यांनी एकदा विचारलं.

“कॉम्प्युटरच्या पोटात काय काय घडतं, त्याची नोंद ठेवायची पद्धत बसवतो.”

“म्हणजे ट्रेन रजिस्टर लिवतूस.”

“लिहीत नाही अण्णा, आखतो. लिहितं ते मशीन.”

“मग वाचतंय कोण?”

आमच्या धंद्यातले निम्मे वाद या एका प्रश्नाचं उत्तर न दिल्यामुळे झालेले आहेत. पण ते पुढे.

कॉम्प्युटरच्या मुळाशी जो प्रोग्रॅम असतो, ज्याला कर्नल म्हणतात, तो स्वतः पत्र लिहीत नाही, गाणं वाजवत नाही, हिशेब करत नाही. ते सगळं बाकीचे प्रोग्रॅम करतात. कर्नल फक्त कुणाला केव्हा लाइन द्यायची ते बघतो. प्रोसेसर मोजके, गाड्या शेकड्यांनी. एकाला सोडायचं तर दुसऱ्याला होम सिग्नलला उभं करायचं. एकाला थांबवून दुसऱ्याला सोडलं, ही एक घटना. डिस्कवरून काही वाचलं, घटना. नेटवर्कवरून पाकीट आलं, घटना. ‘फोन मधेच अडकतो’ अशी तक्रार आली की या घटनांची वही उघडायची आणि त्या क्षणी लाइन अडवून कोण उभं होतं ते शोधायचं. लिनक्स नावाच्या कर्नलमधल्या या वहीचं नाव एफट्रेस. स्टीव्हन रोस्टेड यांनी ती बांधली आणि 2008 साली ती लिनक्सच्या 2.6.27 या आवृत्तीत आली. त्याआधी, 2005 साली, सन कंपनीच्या सोलारिसमध्ये डीट्रेस येऊन गाजलं होतं आणि तिकडे माँट्रियलमध्ये माथ्यू देनोये यांचं एलटीटीएनजी सुरू झालं होतं. प्रत्येकाची वही वेगळी, रकाने वेगळे, आणि प्रत्येकाला आपलीच आखणी शास्त्रशुद्ध वाटते. रकाने आखणाऱ्यांत नम्र माणूस मी अजून पाहिलेला नाही, आरशातसुद्धा.

या वहीची पहिली अट अशी की लिहिण्यापायी गाडी खोळंबता कामा नये. अण्णा एका हातानं फोन, दुसऱ्या हातानं पेन, आणि मान खिडकीबाहेर, अशा अवस्थेत नोंद करत. कर्नलला मान नाही, पण अडचण तीच. नोंद करायला जो वेळ जातो तोही प्रोसेसरचाच. नोंद जड झाली की वहीत गाड्यांचा उशीर दिसायच्या ऐवजी वहीमुळे झालेला उशीर दिसायला लागतो. म्हणून एफट्रेसनं एक युक्ती केली: कर्नलमधल्या हजारो फंक्शनांच्या दाराशी नोंद करणारी हाक आधीच पेरून ठेवायची, आणि वही बंद असेल तेव्हा त्या हाकेच्या जागी ‘काही करू नको’ अशी निरुपद्रवी सूचना लिहून टाकायची. वही उघडली की सूचना पुसून पुन्हा हाक. चालत्या प्रोग्रॅमचं पोट चालता चालता शिवायचं काम हे.

ते एकदा भलतंच महागात पडलं. 2008 च्या सप्टेंबरात 2.6.27 च्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्यांची इंटेलची नेटवर्क कार्डं कायमची मरायला लागली. सगळ्यांनी अर्थातच कार्डाच्या ड्रायव्हरला धरलं. शेवटी चोर सापडला तो आमच्याच घरात. नोंद करणारी हाक ज्या जागी पेरली होती ती जागा मधल्या काळात मोकळी होऊन त्या कार्डाच्या कायमच्या स्मृतीला मिळाली होती. एफट्रेस जुन्या पत्त्यावर गेला, दार ठोठावलं, आणि तिथं लिहून आला. अण्णांना हा किस्सा सांगितला तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या कामात रस घेऊन पुढे सरकून बसले. गाडीची वेळ टिपायला गेलेल्या कारकुनानं गाडीच रुळावरून खाली पाडली, हे त्यांना रेल्वेच्या दृष्टीनंही अभूतपूर्व वाटलं.

आता वेळेचा रकाना. यात मात्र रेल्वेवाले आमच्या आधी शहाणे झाले होते. अण्णा पानाच्या डोक्यावर तारीख घालत आणि पुढे ओळीओळीत नुसते तास-मिनिटं. दर ओळीला साल लिहिणारा मास्तर वेळेत रिटायर झाला नसता. एफट्रेस हेच करतो. साधारण 4096 बाइटांचं एक पान, त्याच्या डोक्यावर पूर्ण वेळ, नॅनोसेकंदांत. पुढे प्रत्येक नोंदीत फक्त ‘मागच्या ओळीनंतर किती’. या ‘किती’ला 27 बिट दिलेत आणि उरलेल्या 5 बिटांत नोंदीचा प्रकार नाहीतर लांबी. दोन्ही मिळून 32, म्हणजे 4 बाइट. 27 बिटांत 13 कोटी 42 लाख नॅनोसेकंद मावतात. आकडा ऐकून छाती दडपते, पण तो सेकंदाच्या सातव्या हिश्श्याहून किंचित कमीच भरतो. त्याहून जास्त वेळ काहीच घडलं नाही तर? तर मधे एक जादा ओळ घालायची, तिचा मजकूर इतकाच की बराच वेळ शांतता होती. या शांततेसाठी मात्र 59 बिटांची सोय आहे, म्हणजे सुमारे 18 वर्षं. आखणाऱ्याला ही मर्यादा उदार वाटली असणार. बार्शी लाइटच्या रुंदीकरणाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या आमच्या गावाला ती अपुरी पडली असती.

वेळ लिहायची तर घड्याळं जुळलेली हवीत. हल्लीच्या कॉम्प्युटरात प्रोसेसर चार-आठ-सोळा असतात, आणि एकाच वहीवर सगळे वाकले तर ढकलाढकली होते म्हणून प्रत्येकाला वेगळी वही. संध्याकाळी साऱ्या वह्या वेळेनुसार एकत्र लावायच्या. एखाद्याचं घड्याळ किंचित पुढे असेल तर उत्तर आधी आणि प्रश्न मागाहून, गाडी माढ्याहून सुटायच्या आधीच कुर्डुवाडीत हजर, असे चमत्कार वहीत दिसतात. आपल्या रेल्वेचा नियम आहे की रोज 16 वाजता प्रमुख स्टेशनांना प्रमाणवेळ कळवायची. अण्णा त्या वेळी चहा घेत नसत. मला हा नियम फार थोर वाटतो, विशेषतः ज्या मुंबईनं प्रमाणवेळ आल्यावरही कित्येक वर्षं 39 मिनिटं मागे असलेली आपली खास वेळ सोडली नाही, तिच्याच गाड्या या लाइनवर धावत होत्या हे आठवलं की.

नावांचा रकाना हा चैनीचा भाग. एका प्रोग्रॅमला थांबवून दुसऱ्याला सोडल्याची नोंद 64 बिटांच्या मशीनवर 64 बाइटांची होते. त्यातले 32 बाइट नुसती दोघांची नावं लिहिण्यात जातात. तरीही प्रत्येक नावाला 15 अक्षरांपलीकडे जागा नाही, पुढचं कापलं जातं. रेल्वेनं त्याहून कठोर होऊन स्टेशनांना दोन-चार अक्षरांत कोंबलं. कुर्डुवाडीचा कोड केडब्ल्यूव्ही. सोलापूरला एसयूआर मिळाला, तो वाचून नवख्याला सुरत आठवते. आणि खऱ्या सुरतेच्या वाट्याला एसटी आला, जो आपल्याकडे लाल गाडीवर लिहिलेला असतो. पण गंमत बघा, एकदा ठरल्यावर कुणाची तक्रार नाही. पार्सलं बरोबर पोचतात.

आखण्या जुळल्या नाहीत तर काय होतं, हे शिकायला मला कॉलेजात जायची गरज नव्हती. 1860 साली जीआयपी रेल्वे सोलापूरला पोचली, त्या वाटेवरच्या आमच्या स्टेशनाचं नाव होतं बार्शी रोड. म्हणजे गाव आमचं, पाटी बार्शीची. 1897 साली एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं तिथून खरोखर बार्शीपर्यंत छोटी लाइन नेली. मोठ्या लाइनची रुंदी साडेपाच फूट, हिची अडीच. कॅल्थ्रॉपचं सूत्र असं की इंजिन असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग रूळ हलके चालतात आणि खर्च आटोक्यात राहतो. आखणी म्हणून ती इतकी नेटकी आहे की मला हेवा वाटतो. लाइन वाढत 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला, 1927 मध्ये मिरजेला गेली. पण कुर्डुवाडीत प्रत्येक पोतं छोट्या गाडीतून उतरवून मोठ्या गाडीत चढवायचं. शेंगा, कापूस, वारकरी, सगळं. दोन आखण्या एकमेकींत मावत नाहीत एवढ्या एका गोष्टीवर गावातली कितीतरी पोटं चालली.

या कॅल्थ्रॉपनं पुढे इंग्लंडात 1904 साली सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या अशाच अडीच फुटी लाइनवर आपला हमालीचा प्रश्न सोडवून दाखवला: मोठ्या लाइनची वाघीण सामानासकट उचलून छोट्या लाइनच्या एका सपाट गाड्यावर बसवायची. उतरवायचं काहीच नाही. (नंतर या गृहस्थानं पहिल्या महायुद्धाच्या काळात ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूट काढलं. भार कमी करण्याची आवड माणसाला कुठवर नेईल सांगता येत नाही.)

आमच्याकडेही हे दोन पंथ आहेत. अँड्रॉइड फोनमधला परफेटो एफट्रेसची कच्ची पानं उचलतो आणि त्यातली प्रत्येक नोंद उतरवून आपल्या वेगळ्या आखणीत पुन्हा भरतो. शुद्ध कुर्डुवाडी पद्धत. एलटीटीएनजीवाल्यांनी कॉमन ट्रेस फॉरमॅट नावाची आखणी केली, तिच्यात वहीसोबत वहीचं वर्णनही प्रवास करतं: अमुक रकाना इतक्या बिटांचा, तमुक रकान्यात वेळ, बाइटांचा क्रम असा. वाचणाऱ्यानं आधी वर्णन वाचायचं, मग वही. कागदावर हे आदर्श दिसतं. पण वर्णन वाचणारा माणूस हवा ना, आणि इथं अण्णांचा प्रश्न परत पुढे येतो.

एफट्रेसनंही प्रत्येक घटनेची आखणी जाहीर टांगून ठेवलेली असते. कर्नलच्या एका फोल्डरात ‘फॉरमॅट’ नावाची फाइल असते. कुठला रकाना कितव्या बाइटला सुरू होतो, केवढा आहे, सगळं स्वच्छ. अपेक्षा अशी की वाचणारा प्रोग्रॅम आधी ही फाइल बघेल. आता या रकान्यांतला एक होता लॉक डेप्थ. त्याची जन्मकथा अशी. 1996 साली लिनक्स एकाहून जास्त प्रोसेसरांवर चालू लागला तेव्हा गोंधळ नको म्हणून एक मोठं कुलूप बसवलं: कर्नलच्या आत एका वेळी एकालाच प्रवेश. एकेरी लाइनवर टोकन ज्याच्या हातात तोच पुढे, तसं. पुढे पंधरा वर्षं खपून जाणत्यांनी ते कुलूप जागोजागचं काढत आणलं आणि 2011 साली 2.6.39 मध्ये ते पुरतं गेलं. कुलूप गेलं, मग ते कुणी कितीदा धरलंय हे सांगणारा चार बाइटांचा रकाना तरी कशाला? रोस्टेड यांनी तो काढला. कुणीही काढला असता.

आणि पॉवरटॉप मोडला. लॅपटॉपची बॅटरी कोण खातंय हे सांगणारा हा लोकप्रिय प्रोग्रॅम वही वाचत होता, पण टांगलेली फाइल वाचत नव्हता. बाराव्या बाइटपासून पुढे आपल्या कामाचं, हे त्यानं पाठ करून ठेवलं होतं. लॉक डेप्थशी त्याला काडीचं देणंघेणं नव्हतं. पण तो रकाना गेल्यावर पुढचं सगळं चार बाइट डावीकडे सरकलं आणि पॉवरटॉपला बॅटरीच्या जागी भलतंच दिसू लागलं. चूक कुणाची? पाटी न वाचणाऱ्याची, असं आपण म्हणू. लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स तसं म्हणत नाहीत. त्यांचा नियम एकच, वापरणाऱ्याचा चालता प्रोग्रॅम मोडायचा नाही, मग तो कितीही गावंढळ पद्धतीनं चालत का असेना. तेव्हा चार बाइट परत घातले गेले. आता त्यांना काही अर्थ उरलेला नव्हता, म्हणून नाव दिलं ‘पॅडिंग’. सेकंदाला हजारो नोंदी, प्रत्येकीत चार रिकामे बाइट, जगभरच्या लाखो मशीनांवर, केवळ एका वाचकाला जागा पाठ होती म्हणून. पॉवरटॉप सुधारला, आणि दोनेक वर्षांनी, 2013 मध्ये, ते बाइट एकदाचे गेले.

मला या गोष्टीत पॉवरटॉपचा राग येत नाही. सरकारी अर्जावर ‘वडिलांचे/पतीचे नाव’ अजून का आहे, हे विचारायला गेलात तर कुठंतरी असाच एखादा वाचक सापडेल, ज्याला तिसऱ्या ओळीत काय असतं ते पाठ आहे. रेल्वेनं स्वतः 2010 च्या डिसेंबरात गाड्यांचे चार आकडी नंबर पाच आकडी केले तेव्हा मोठ्या चलाखीनं जुन्या नंबरांच्या डावीकडे नुसता 1 जोडला. 2 नं सुरू होणाऱ्या सुपरफास्ट 12 नं सुरू होऊ लागल्या. सिद्धेश्वर एक्स्प्रेस 12115 झाली, पण शेवटचे चार आकडे ज्याच्या जिभेवर होते त्याला काहीच नवं शिकावं लागलं नाही. करोनाच्या साथीत गाड्या ‘स्पेशल’ म्हणून धावल्या तेव्हा पहिल्या आकड्याच्या जागी 0 आला. आखणी करताना डावीकडे एक घर मोकळं ठेवणाऱ्या त्या अधिकाऱ्याला मी कर्नलच्या कामावर आनंदानं घेईन.

एफट्रेसची आणखी एक सवय मला भावते, ती म्हणजे प्रामाणिकपणा. वहीची पानं ठरावीक असतात आणि ती गोल फिरतात. शेवटचं पान भरलं की पहिल्यावर नवं लिहायला सुरुवात, जुनं गेलं. वाचणारा मागे पडला तर मधल्या नोंदी हरवतात. तेव्हा वही गप्प बसत नाही. ‘इथं इतक्या घटना हरवल्या’ अशी ओळ आकड्यासह छापते. रेल्वेच्या रजिस्टरातही खाडाखोड चालत नाही. चुकलं तर वरून एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि सही करायची. अण्णांच्या मते माणसाची सगळी परीक्षा त्या एका रेघेत होते. काहीजण ती फार जाड मारत.

आता स्टेशनांवर डेटा लॉगर आलेत. सिग्नल, पॉइंट, ट्रॅक सर्किट यांच्या रिले त्याला जोडलेल्या असतात. कुठलीही रिले उठली किंवा पडली की वेळेसह नोंद, आणि काही बदललंच नाही तर नोंद नाही. म्हणजे आमचाच कारभार. अपघाताच्या चौकशीत त्याची साक्ष काढतात. कौतुकानं मी हे अण्णांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “शेरा कुठाय त्यात?”

शेरा नव्हता. रिलेला मत नसतं. पण मला सांगायला अभिमान वाटतो की लिनक्समध्ये आहे. ट्रेस मार्कर नावाची एक फाइल असते. तिच्यात कुणीही काहीही वाक्य लिहावं, ते जसंच्या तसं, त्या क्षणाच्या वेळेसह, कर्नलच्या घटनांच्या मधोमध वहीत उमटतं. ‘आत्ता बटण दाबलं.’ ‘इथून व्हिडिओ अडकायला सुरुवात.’ नॅनोसेकंदांच्या आणि आकड्यांच्या गर्दीत अचानक माणसाचं बोलणं. बाकी सगळे रकाने ज्यांना आधीच माहीत होतं की काय घडू शकतं त्यांनी आखलेत. हा एक ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी ठेवला. अण्णांना हे लगेच पटलं. त्यांच्या नोकरीत, ते म्हणाले, पुढचे सगळे रकाने साहेबासाठी होते आणि शेवटचा एक रेल्वेसाठी. तिथं म्हैस लिहिता यायची, धुकं लिहिता यायचं. आषाढात पंढरपूरची छोटी गाडी टपावरसुद्धा माणसं घेऊन तासभर मागं यायची, आणि वरून विचारणा यायची की इंजिन बिघडलं का, सिग्नल फेल होता का, लाइन क्लिअर मिळाला नव्हता का. तिन्हीला रकाने होते, तिन्ही रकाने स्वच्छ होते. अण्णा शेऱ्यात लिहीत, “गाडी उशिरा. कारण : एकादशी,” आणि खाली सही करत. साहेबांनी त्यावर पुन्हा खुलासा मागितल्याचं त्यांना आठवत नाही.